सही न केलेले चार तास

कुंदाताई,

आधीच सांगून ठेवते, रडारड करायला बसलेले नाही. तुला ती कधी चालायची नाही. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. काल संध्याकाळी अमेरिकेहून मेल आली, ती वाचली, आणि काही विचार न करता फोन उचलून तुझा नंबर फिरवला. तुझ्या नवऱ्याने, हॉर्स्टने, "हॅलो" म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, चुकून लागला. तो म्हणाला, आजचा हा चुकून लागलेला चौथा. गेलेल्यांशी बोलत राहायचं असतं हे तूच मला शिकवलंस ना, मग आता निमूट ऐकून घे.

आपली पहिली भेट आठवते? फ्रँकफर्टच्या मराठी लोकांचा गणपती, शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, आणि कागदी प्लेटमध्ये मोदक घेऊन उभी असलेली तू. कुणीतरी ओळख करून दिली: या कुंदाताई, मिरजेच्या, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून इकडे आल्या, जर्मन माणसाशी लग्न केलं, इथल्याच झाल्या. मी आपली रीतीप्रमाणे नमस्काराला वाकले. तू चक्क दोन पावलं मागे सरकलीस, मोदक घरंगळून खाली पडला. "पायाला हात नको," तू म्हणालीस, "आमच्याकडे पायाला हात लावला की माणूस दोन-तीन दिवसांत जातो." मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. परत येताना एस-बानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, सतीश, म्हणजे माझा नवरा, म्हणालाही, फार वर्षं इथे राहिलं की असं होत असेल.

तुझ्या आल्टेनहाइममध्ये, त्या वृद्धाश्रमात यायला लागले तेव्हा त्याचा अर्थ कळला. रोज सकाळी तू प्रत्येक खोलीत जायचीस, गुटन मॉर्गन म्हणायचीस आणि पांघरुणाखाली हात घालून म्हाताऱ्यांचे पाय चाचपायचीस. पाय गार पडले, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसायला लागली, की तू त्यांच्या घरच्यांना फोन करायला सांगायचीस. तुझा अंदाज चुकलेला मी एकदाही बघितला नाही. त्या म्हाताऱ्यांना मात्र वाटायचं की ही भारतातली बाई रोज आपल्या पाया पडते. एक आजोबा तर पाय पुढे करून आशीर्वाद द्यायचे. तू कुणाचा गैरसमज दूर केला नाहीस. मला म्हणालीस, बिचाऱ्यांना बरं वाटतंय तर वाटू दे.

आणि अहो-जाहो तर तू पहिल्याच दिवशी बंद केलंस. तीस वर्षं सगळे श्वेस्टर कुंदा, सिस्टर कुंदा, म्हणतात, अगं म्हणणारं कुणी उरलेलं नाही, असं म्हणालीस. मला जड गेलं, पण आठवड्याभरात जीभ वळली.

माझी तेव्हाची अवस्था तुला माहीत आहे. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, लॅबमध्ये पाच वर्षं नोकरी केलेली मी, इथे फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला आल्यावर नुसती सतीशची बायको झाले होते. चार वर्षं भांडी, जर्मनचे क्लास आणि खिडकीतून दिसणारी ऑफिसं. सतीशला कंपनीने पुढच्या वर्षी अमेरिकेत पाठवायचं ठरवलं, तेव्हा इंटरनेटवर शोधता शोधता तो कोर्स सापडला: नर्सिंग अजिबात न शिकलेल्या पदवीधरांसाठी थेट नर्सिंगचं मास्टर्स. जागा मूठभर, अर्ज ढीगभर. त्यांना आजाऱ्यांबरोबर काम केल्याचे तास सही-शिक्क्यानिशी हवे होते. शिवाय एक निबंध: आजारी माणसाजवळ असताना तुम्हाला बदलून टाकणारा एखादा प्रसंग लिहा. आई फोनवर म्हणाली, एवढं शिकून आता लोकांची ढुंगणं पुसणार का? मी चिडून तुझ्याकडे आले, तर तू हसत सुटलीस. तुझ्या आईने मिरजेच्या एसटी स्टँडवर, तू बॅग घेऊन उभी असताना, अगदी हेच विचारलं होतं म्हणे. तू लगेच तुमच्या मुख्य बाईंशी बोललीस, आणि बिनपगारी का होईना, मला प्राक्टिकुम, म्हणजे उमेदवारीचं काम, मिळालं. फार वर्षांनी काहीतरी फक्त मला हवं होतं. ते तुला न सांगता कळलं, हे उपकार मी विसरलेले नाही.

पहिल्या मृत्यूच्या वेळी तू मला हाताशी घेतलंस. तू आजींना पुसत होतीस आणि त्यांच्याशी बोलत होतीस. आता हात उचलते हं. आता पाणी जरा कोमट आहे. आता डावीकडे वळवते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता, कारण तू मधे मधे थांबायचीस, उत्तर ऐकायला थांबल्यासारखी. शेवटी तू खिडकी उघडलीस आणि म्हणालीस, आल्झो, चला, झालं. मी विचारलं, त्यांना ऐकू येतं का गं? तू म्हणालीस, नसेल येत तर आपलं काय नुकसान आहे?

आता फ्राउ बेरेन्स. ते टाळून चालणार नाही.

नोव्हेंबर संपत आला होता; उन्हाळ्यातला फुटबॉलचा वर्ल्ड कप कधीच होऊन गेला होता, तरी लोकांच्या गाड्यांवर अजून फाटके झेंडे फडफडत होते. खोली नंबर चौदा. फ्राउ बेरेन्स आजींना जवळचं कुणी नव्हतं. सकाळी तू त्यांचे पाय बघितलेस आणि मला म्हणालीस, आज दुपारी एक ते पाच तू इथे बस, दुसरं काही करू नकोस. मी तीन तास बसले. हात धरला, ओठ ओले केले. चारच्या सुमाराला बाहेर अंधारायला लागलं आणि त्यांचा श्वास मधेच थांबायला लागला. मी मनात आकडे मोजायचे. पंधरा, वीस, मग एकदम घशातून आवाज करून श्वास परत सुरू. एकदा मी तिसावर पोहोचले आणि त्यांनी डोळे उघडले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या मागे बघत होत्या. मी मागे वळून बघितलं. तिथे कपाट होतं, दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, कॉफी घेऊन येते, आणि बाहेर पडले. कॉफीच्या मशीनपाशी थांबले नाही. जिना उतरून चादरी ठेवायच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि बसून राहिले.

पाच वाजता तू तिथे आलीस. ओरडली नाहीस. "गेल्या त्या. चल," एवढंच म्हणालीस. खोलीत त्या अगदी सरळ झोपल्या होत्या, डोळे मिटलेले, डोकं उशीच्या मधोमध, पांघरूण नीट. मी विचारलं, त्रास झाला का? तू म्हणालीस, नाही, शांत गेल्या. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून चौदाची घंटा वाजायला लागली. खोली रिकामी, गादीही काढून नेलेली, आणि ड्यूटीच्या खोलीतल्या बोर्डावर चौदाचा लाल दिवा लागलेला. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर येऊन गेला, वायर बदलून गेला, तासाभराने परत घंटा. बाकीच्या नर्सेस हसायच्या, पण बंद करायला तुझ्याशिवाय कुणी जायचं नाही. तू जायचीस, "या, इश कॉमे", हो, आले, म्हणत, खरंच कुणी हाक मारल्यासारखी. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली तेव्हा तू जागची हलली नाहीस. मला म्हणालीस, आज तू जा, ती तुझ्यासाठी वाजतेय.

तेव्हा मला तुझा इतका राग आला ताई, की वाटलं परत इथे पाऊल ठेवायचं नाही. पण गेले. लोखंडी पलंग, त्याच्यावर गुंडाळून ठेवलेली घंटेची दोरी, पुसलेल्या फरशीचा वास. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीत चांगलं ऊन होतं. त्या पलंगासमोर उभं राहून मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, मला माफ करा, मी घाबरले. मग घंटा बंद करायचं बटण दाबलं. त्यानंतर चौदाची घंटा वाजली नाही. तू नंतर सांगितलंस की त्याच दुपारी हाउसमाइस्टरने पूर्ण लाइनच बंद केली होती. आधी की नंतर, हे मी विचारलं. तू म्हणालीस, मी कशाला विचारू त्याला?

आणि एवढं सगळं होऊनही मी निबंधात काय लिहिलं? मी फ्राउ बेरेन्सचा हात हातात घेऊन शेवटच्या श्वासापर्यंत बसले, आणि त्या क्षणी मला माझा मार्ग दिसला. भाषा मोठी सुंदर होती. तुझ्या स्वयंपाकघरात तू चष्मा लावून, डिक्शनरी जवळ घेऊन, एक एक ओळ वाचलीस. मी पोहे खात होते. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवून म्हणालीस, "ही मुलगी कोण? मला भेटव एकदा."

मग जे भांडण झालं ते आपल्या दोघींना शोभणारं नव्हतं. मी म्हटलं, पळून गेलेल्या बाईला कोण जागा देतं? तू म्हणालीस, पळालीस तेच लिही, तेवढंच तुझं आहे. मी म्हटलं, तुझं ठीक आहे गं, तुझं आयुष्य झालं करून. हे मी बोलायला नको होतं. तू माझा तासांचा तक्ता काढलास आणि एकेका दिवसापुढे सही करत गेलीस. त्या दिवसाच्या ओळीवर आलीस आणि ती ओळ तशीच सोडून पुढे गेलीस. एक ते पाच, चार तास, कोरे. मी म्हटलं, अगं, तीन तास तरी बसले होते ना? तू म्हणालीस, चौथ्यासाठीच बसवलं होतं.

आठवड्याने मी तुला फोन करून सांगितलं की निबंध बदलून पाठवला. बदलला नव्हता. तू "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणालीस आणि विषय बदललास. तुला कळलं होतं का? बहुतेक कळलं होतं. मी खोटं बोलताना फार भराभर बोलते, असं तूच म्हणायचीस.

जानेवारीत तुझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं नाव घेतलं तेव्हा तू माझ्याकडे बघून, जणू दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट असावा तशी, म्हणालीस, सहा-सात आठवडे. तुला घरीच राहायचं होतं. हॉर्स्टने बैठकीच्या खोलीत, बागेकडच्या खिडकीपाशी, पलंग लावला. मी रोज दुपारी यायचे. आपण एकदाही निबंधाचं नाव काढलं नाही. तू मला दडप्यांची कृती सांगायचीस, हॉर्स्टच्या गोळ्या कुठल्या कपाटात असतात ते सांगायचीस, आणि मी रोज ठरवायचे, आज सांगून टाकायचं.

शेवटच्या दिवशी हॉर्स्ट दोन रात्री जागून वर झोपला होता. मी तुझ्याजवळ होते. तुझे डोळे मिटलेले बघून मी पांघरुणाखाली हात घातला. तू डोळे न उघडता विचारलंस, "बघितलेस?"

"बघितले."

"मग?"

"गार आहेत."

तू जरा हसलीस. मग म्हणालीस, जा, कॉफी कर. मी म्हटलं, नको, मी कुठेही जात नाही. हॉर्स्टला उठवू का विचारलं, तू मान हलवलीस, झोपू दे. मी तुझा हात घट्ट धरून ठेवला. तास झाला, दीड तास झाला. तुझा श्वास थांबायचा आणि परत सुरू व्हायचा, आणि दर वेळी तुझ्या कपाळाला आठी पडायची, अडवल्यासारखी. तू परत एकदा म्हणालीस, कॉफी. तेव्हा मला आठवलं, तू एकदा सांगितलं होतंस की काही माणसांना कुणी धरून ठेवलं की जाता येत नाही. मी हात सोडला. तुझं तोंड खिडकीकडे होतं, बाहेर बागेत बर्फ होतं. मी म्हटलं, ताई, मी कॉफी करायला जाते, सावकाश करते. आणि खरंच सावकाश केली. पाणी भरलं, फिल्टर लावला, चमचे मोजून घातले, मशीनचा गुरगुर आवाज बंद होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिले. परत आले तेव्हा तू गेली होतीस.

हॉर्स्ट म्हणाला, तिला कसं करायचं ते तुलाच माहीत आहे. मी तुला पुसलं. सगळं सांगत सांगत केलं, मराठीतून. आता उजवा हात उचलते. आता पाणी जरा गरम वाटेल. डावीकडे वळवलं तेव्हा तुझ्या तोंडून "हं" असा आवाज आला, फोनवर मी लांबण लावली की काढायचीस अगदी तसा. वळवलं की छातीतली हवा बाहेर येते, हे मला ठाऊक होतं. तरी मी थांबले आणि म्हटलं, बोल.

त्यानंतर नवव्या दिवशी टेलिफोनवर त्या कोर्सची मुलाखत झाली. इथले संध्याकाळचे सहा वाजले होते. पलीकडे एक वयस्कर बाई आणि एक पुरुष. लाइनवर प्रतिध्वनी होता, माझं प्रत्येक वाक्य क्षणभराने मलाच परत ऐकू यायचं. बाई म्हणाल्या, तुमचा निबंध आम्हाला फार आवडला, त्या शेवटच्या क्षणांबद्दल अजून सांगा. मी सवयीने सुरू केलं: मी त्यांचा हात धरला होता. आणि तिकडून, लांबून, बारीक आवाजात माझंच वाक्य परत आलं: मी त्यांचा हात धरला होता. खोटं बोलताना आपला आवाज कसा येतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, नाही, धरला नव्हता.

मग सगळं सांगितलं. चादरींची खोली, घंटा, तू कोरी सोडलेली ओळ, तुला मारलेली थाप. तो माणूस म्हणाला, मग आम्ही तुम्हाला का घ्यावं? मी म्हटलं, माहीत नाही, पण आता मी खोलीबाहेर जाते तेव्हा सांगून जाते. मग बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. मी सतीशला म्हटलं, संपलं, आता सामान बांधताना माझी पुस्तकं घेऊ नकोस.

कालची मेल त्यांचीच. जागा दिली आहे, ताई. एका अटीवर. पाठवलेला निबंध ते ग्राह्य धरणार नाहीत, दहा दिवसांत नवीन लिहून पाठवायचा, आणि त्यात घडलं तेवढंच हवं. सतीशने मला मिठी मारली, मी हसले, आणि तुला फोन लावायला धावले.

घडलं तेवढंच. आज सकाळपासून लिहायला बसले आहे आणि एका जागी येऊन अडले आहे. ते मी मुलाखतीत सांगितलं नाही, सतीशला नाही, हॉर्स्टला तर नाहीच. मी कॉफी घेऊन परत आले तेव्हा तुझं तोंड खिडकीकडे नव्हतं. दाराकडे होतं. डोळे उघडे होते, आणि मी येईन तिथे बरोबर लागलेले होते. मी कप खाली ठेवला. तुझे डोळे मिटले, डोकं उचलून उशीच्या मधोमध ठेवलं, पांघरूण सारखं केलं, आणि मग जिन्यापाशी जाऊन हॉर्स्टला हाक मारली. तो खाली आला, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, त्रास झाला का? मी म्हटलं, नाही, शांत गेली. म्हणत असतानाच कळलं की चौदामध्ये मला बोलावण्याआधी तूही हेच केलं असशील.

फ्राउ बेरेन्सचं आता मी विचारत नाही. ते तुझ्याबरोबर गेलं. तुझं तेवढं सांग. दाराकडे कशाला बघत होतीस, ताई? मी गेले ना ते बघायला, की मी येतेय का ते बघायला?